लेकराचा सातबारा

आमच्या भंडारा जिल्ह्यात माणसे कोर्टाची पायरी चढतात ती मुख्यत्वे दोन कारणांनी, असे इथले जुने वकील सांगत : एक धुरा आणि दुसरे पाणी. मुलूखच धानाचा. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना बांध्यांमागून बांध्या पसरलेल्या. त्यांतल्या एका बांधीचा धुरा शेजाऱ्याने हातभर सरकवला, की त्याचे कागद दोन पिढ्या हिंडत राहायचे. त्या कागदांत एक शब्द पुनःपुन्हा येतो, तो म्हणजे 'ताबा'. शेत नावावर कोणाच्या हा एक वाद, आणि ताब्यात कोणाच्या हा दुसरा. पहिल्यासाठी सातबारा काढावा लागतो, दुसऱ्यासाठी साक्षीदार उभे करावे लागतात.

अलीकडे हाच शब्द कोर्टात, त्याच कोरड्या आवाजात, निराळ्याच गोष्टीविषयी पुकारला जातो. 'अल्पवयीन मुलाच्या ताब्याचा अर्ज.' ज्याच्या ताब्याविषयी हे चाललेले असते तो बाहेरच्या बाकावर बसून बिस्किटाचा पुडा सोडवीत असतो. त्याचे पाय अजून जमिनीला टेकत नसतात. एका बाजूला आईकडची माणसे, दुसऱ्या बाजूला बापाकडची. आणि आपण उठून कोणत्या बाजूला गेलो तर कोण रागावेल, याचा हिशेब तो पोरगा बिस्किट खाता खाता करीत असतो. हा हिशेब त्याला शाळेत कोणी शिकविलेला नसतो.

नवराबायको विभक्त होतात. होऊ नयेत हे खरे, पण होतात. आणि का होतात यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या गोष्टीविषयी. घर मोडल्यावर मुलाच्या दिवसांची वाटणी कोर्ट कशी करते, आणि त्या हुकमाच्या कागदाचे पुढे घरात काय होते, याविषयी.

दुसरा आणि चौथा रविवार

मी मराठीचा अध्यापक. व्याकरण आणि कविता यांपलीकडे माझा अधिकार नाही. तरीही गेली अडीच वर्षे हा विषय दर पंधरा दिवसांनी माझ्या ओसरीवर येऊन बसतो आहे.

माझे दोन विद्यार्थी, वेगवेगळ्या सालचे, एकमेकांशी विवाहबद्ध झाले. संसार बारा वर्षे चालला आणि मोडला. का मोडला ते मी विचारले नाही. सात वर्षांची मुलगी आईबरोबर भंडाऱ्याला आजोळी आली; अकरा वर्षांचा मुलगा बापाजवळ, तुमसर तालुक्यातल्या गावी राहिला. दोन्हीकडून अर्ज झाले, तारखा पडल्या. सुरुवातीच्या भेटी कोर्टाच्या आवारात ठरल्या होत्या. त्या आवारात बेड्या घातलेले कैदी येतात, टंकलेखकांची यंत्रे चालतात, चहावाला आरडत असतो. मुलगी प्रत्येक भेटीनंतर घरी जाऊन तापाने फणफणायची. शेवटी दोन्ही वकिलांनी तडजोडीच्या अटी लिहून दिल्या. त्यांत दोघांनाही चालेल अशी जागा म्हणून माझे घर पडले. दुसऱ्या रविवारी बापाने मुलीला भेटावे, चौथ्या रविवारी आईने मुलाला भेटावे. वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार.

आमच्या सौभाग्यवतींनी एकच अट घातली : "माझ्या घरात कोणी कोणाविरुद्ध बोलायचं नाही. पोहे मी करीन."

पहिल्या रविवारी बाप भला मोठा बाहुला घेऊन आला. मुलीने तो घेतला, बाजूला ठेवला आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसून राहिली. "आई काय म्हणते?" "काही नाही." "शाळा?" "आहे." अकरा ते चार म्हणजे पाच तास. बोलायचे संपल्यावर पाच तास किती लांब असतात, ते मी त्या दिवशी पाहिले. पुढच्या वेळी फ्रॉक आला, त्याच्या पुढच्या वेळी रंगपेटी आली. मराठीत 'भेट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक गाठ पडणे, दुसरा नजराणा. बाप पहिल्या दिवसापासून भेट आणीत होता. भेट व्हायला मात्र तीन महिने लागले. ती झाली आमच्या सायकलीच्या पंक्चरमुळे. बादलीत पाणी घेऊन त्याने ट्यूब बुडवली आणि बुडबुडा कोठून येतो ते शोधण्याचे काम मुलीला दिले. दोघांचे हात काळे झाले. त्या दिवशी चार कधी वाजले ते कोणाला कळले नाही.

मुलाची तऱ्हा वेगळी. तो मोठा, त्यामुळे रागही मोठा. पहिल्या दोन चौथ्या रविवारी त्याने पाणीसुद्धा घेतले नाही. "तिकडचं काही खाऊ नको," असे आजीने बजावून पाठविले होते. आई समोर बसून राहायची. तिसऱ्या वेळी तिने त्याचे गणिताचे दप्तर मागितले. अपूर्णांकांच्या बेरजेने जे केले ते रडण्याने झाले नसते.

शब्दांत काय आहे

अध्यापकाला शब्दांचा चाळा असतो, तो वाचकांनी क्षमा करावा. या प्रकरणात मला प्रथम खटकले ते शब्दच. 'ताबा' हा अरबीतून आलेला शब्द. त्याच्या मुळाशी मागे चालण्याचा, हुकमात असण्याचा अर्थ आहे. 'फारकत' हाही तिकडचाच. मूळ अर्थ हिशेब चुकता झाल्याचा लेख. सावकाराची फारकत होते तशी बायकोची होते! घराचा ताबा, गाडीचा ताबा, गुदामातल्या मालाचा ताबा. आणि त्याच रांगेत मुलाचा ताबा. शब्द बदलला की माणूस बदलतो असे मी म्हणत नाही. पण ज्या शब्दाने आपण भांडतो त्या शब्दाची चाल भांडणाला येते. शेताच्या भांडणात ज्याच्याकडे ताबा असतो तो निम्मे जिंकलेला असतो. मग मुलाच्या भांडणातही माणसे आधी ताबा मिळविण्याच्या मागे लागतात. शाळा सुटताना उचलून नेतात, लग्नकार्याचे निमित्त करून माहेरी ठेवून घेतात. याला कायद्याचेही एक कारण आहे. पालकत्वाच्या अर्जासाठी मूल सामान्यतः जेथे राहते तेथलेच न्यायालय लागते. मूल पुण्याला नेले की भंडाऱ्याच्या बापाने किंवा आईने पुण्याच्या तारखा कराव्या. आणि दोन वर्षांनी, मूल आता इथेच रुळले आहे, हेच वाक्य मोठा पुरावा होऊन बसते.

वर्तुळाची गोष्ट

एका मुलासाठी दोघे भांडत आहेत आणि न्यायाधीश पेचात पडला आहे, ही जगातल्या जुन्या गोष्टींपैकी एक. बायबलात शलमोन राजा तलवार मागवितो. जातककथेत महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढतो आणि दोघींना मुलाला ओढायला सांगतो. जिला मुलाचे रडणे ऐकवत नाही ती हात सोडते, आणि तीच आई ठरते. आमच्या पवनीला प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले आहेत. तेव्हा ही कथा या मातीला अनोळखी नसावी असे मला आपले वाटते. ब्रेख्तने 1944 साली तिचे खडूचे वर्तुळ केले, आणि चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्याला 'अजब न्याय वर्तुळाचा' या नावाने मराठी रूप दिले. ब्रेख्तच्या नाटकात मूल मिळते ते जन्मदात्रीला नव्हे, सांभाळणारीला.

वर्गात ही गोष्ट सांगताना मला नेहमी समाधान वाटे. आता वाटत नाही. या सर्व गोष्टींत दोघींपैकी एक खोटी असते. आजच्या न्यायाधीशापुढे उभी असतात ती दोघेही खरी असतात. आईही खरी, बापही खरा. दोघांनी हात धरला आहे आणि सोडायला कोणी तयार नाही, कारण सोडणाऱ्याला मूल मिळते हे फक्त गोष्टीत. कोर्टात सोडणाऱ्याला पुढची तारीख मिळते. शिवाय वर्तुळातले मूल नेहमी मुके असते. त्याला कोणी विचारीत नाही.

पूर्वी काय होते

पूर्वी सगळे सुरळीत होते, असा एक गोड समज असतो. तो खरा नाही. अनेक जातींत काडीमोड होती, पाट लागत होता. पंचांनी ठरविले ते ठरले. 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली. पण त्याच कायद्याने, विधवेने दुसरे लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या नातलगांना मुलांसाठी दुसरा पालक नेमून घेण्यास कोर्टात जाण्याची वाट मोकळी ठेवली. स्त्रीला नवे घर मिळे, पण जुन्या घरातले मूल हातचे जाण्याची धास्ती तिच्याबरोबर जाई. घटस्फोटाचा कायदा मुंबई इलाख्यात 1947 साली झाला. आमचा भंडारा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. येथल्या हिंदू बायकांना, रूढीने काडीमोड नसेल तर, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावे लागले.

कोर्टावाचूनही मुले दोन घरांत वाटली जात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो. त्यात एक ताटातूट आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना ना. वा. टिळकांना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने बायबल दिले. ती लोहमार्गाची वाट आमच्याच जिल्ह्यातून, वरठी आणि तुमसर रोडवरून जाते. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले, आणि पुढली सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या. भांडण प्रेमाच्या अभावाचे नव्हते. धर्माचे आणि नातलगांचे होते. ती दोघे शेवटी पुन्हा एकत्र आली. सगळ्यांच्या नशिबी तसे नसते.

आणि हे आपल्याकडेच होते असेही नाही. इंग्लंडात 1836 साली कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेची तिन्ही मुले नवऱ्याने नेली. कायदा सर्वस्वी त्याच्या बाजूचा होता. तिने पत्रके लिहिली, पार्लमेंटातल्या सभासदांना गाठले, आणि 1839 साली सात वर्षांखालील मुलांसाठी आईला कोर्टात अर्ज करता येईल असा कायदा झाला. पण नवऱ्याने मुले स्कॉटलंडात ठेवली होती, आणि तो कायदा तेथे लागू नव्हता! 1842 साली धाकटा मुलगा घोड्यावरून पडून जखमी झाला. आई पोहोचण्यापूर्वीच तो गेला होता. तिने मिळविलेला हक्क दुसऱ्या आयांच्या कामी आला.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडचा मूळ कायदा 1890 चा, पालक आणि पाल्य यांचा. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्याच्या 17 व्या कलमात मुलाचे हित पाहावे, त्याचे वय पाहावे, आणि मूल समजण्याइतके मोठे असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असे म्हटले आहे. हिंदू विवाह कायद्याचे 26 वे कलम खटला चालू असताना आणि नंतरही मुलांच्या राहण्या-शिकण्याचे हुकूम करण्याचा अधिकार देते. हे हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलताही येतात. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहावे असे सांगितले, आणि मुलाचे हित सर्वांत वर ठेवले. मात्र पालक म्हणून नाव आधी बापाचे, 'त्याच्यानंतर' आईचे.

या 'नंतर' शब्दावर पुढे मोठा वाद झाला. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली. बँकेने बापाची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1999 साली न्यायालयाने सांगितले की, 'नंतर' म्हणजे बापाच्या मरणानंतर नव्हे. बाप जेथे नाही, लक्ष घालीत नाही, किंवा दोघांचे तसे ठरले आहे, तेथे आई ही पालकच आहे. एका शब्दयोगी अव्ययाच्या अर्थाने केवढा फरक पडतो, हे मी आता वर्गात या उदाहरणाने सांगतो.

त्याआधी 1973 सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. 1984 च्या कुटुंब न्यायालयांच्या कायद्याने या भांडणांसाठी वेगळी न्यायालये आणि समुपदेशक दिले. तेथे आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 1989 साली झाला. भारताने तो 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारला. त्याचे नववे कलम मला फार मोलाचे वाटते. आईबापांपासून दुरावलेल्या मुलाला, त्याच्या हिताला बाध येत नसेल तर, दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क आहे, असे ते म्हणते. हक्क मुलाला. आईला किंवा बापाला नव्हे.

2015 च्या मे महिन्यात न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त पालकत्वाची शिफारस केली. ती अद्याप कायद्यात उतरलेली नाही. तरी न्यायालये त्या दिशेने हुकूम करू लागली आहेत. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल ज्याच्याजवळ राहत नाही त्याला प्रत्यक्ष भेट तर मिळावीच, पण रोज थोडा वेळ फोनवर किंवा दृक्‌श्राव्य साधनाने बोलताही यावे.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. जेथे मारहाण आहे, दारू आहे, मुलाच्या जिवाला किंवा मनाला धोका आहे, तेथे 'दोघांचे प्रेम' या गोड वाक्याने डोळे झाकू नयेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीला देऊ शकतात, आणि भेट अपायकारक वाटली तर ती नाकारूही शकतात. मी पुढे जे लिहितो आहे ते अशा घरांविषयी नाही. आईबाप दोघेही बऱ्यापैकी माणसे आहेत, फक्त एकमेकांची राहिलेली नाहीत, अशा घरांविषयी आहे. आणि अशीच घरे पुष्कळ.

पाळी

आता पुन्हा माझ्या ओसरीवर येतो. तडजोडीच्या अटी लिहिताना दोन्ही वकिलांनी समतोल फार जपला होता. दुसरा रविवार बापाचा, चौथा आईचा. बापाने मुलीला भेटायला एकट्याने यावे, आईने मुलाला भेटायला एकटीने यावे. कारण एका मुलाकडून दुसऱ्याला फितविले जाईल अशी दोन्हीकडे भीती. दिवाळीच्या सुटीचेही दोन समान भाग. पहिल्या भागात मुलगी बापाकडे आणि मुलगा आईकडे; दुसऱ्या भागात दोघे आपापल्या जागी परत. तराजूत घालून पाहावे तर दोन्ही पारडी रेसभर हलणार नाहीत. कोणाच्याही ध्यानात एक गोष्ट आली नव्हती, आणि ती सात वर्षांच्या मुलीच्या आली.

"काका," ती एका दुसऱ्या रविवारी म्हणाली, "मी बाबांकडे जाईन तेव्हा दादा आईकडे येणार. मी आईकडे येईन तेव्हा दादा बाबांकडे जाणार. मग दादा आणि मी कधी भेटायचं?"

मी कागद काढून पाहिला. पोर खरे बोलत होती. त्या हुकमाप्रमाणे बहीणभाऊ वर्षातून एकही दिवस एका छपराखाली येत नव्हते. भाऊबीजेला सुद्धा नाही.

मग माझ्या ध्यानात आले की, माझ्या फडताळातला जाडजूड शब्दकोश अलीकडे वारंवार जागचा हललेला दिसतो. त्यात चिठ्ठ्या होत्या. दुसऱ्या रविवारी ती ठेवायची, चौथ्या रविवारी तो न्यायचा आणि उत्तर ठेवायचा. वाचणे बरे नव्हे म्हणून मी त्या वाचल्या नाहीत. वरच दिसली तेवढी एक ओळ सांगतो. 'आपली शेरी व्याली का?' शेरी ही बापाकडची शेळी असावी.

हे सर्व मी मुलीच्या आजोबांच्या कानावर घातले. साकोलीकडचे शेतकरी. तो सगळा तलावांचा भाग. माजी मालगुजारी तलावांवर, ज्यांना आम्ही 'मामा तलाव' म्हणतो, त्यांच्यावर तिकडचे धान पिकते. तळे कोणा एकाचे नसते. गावाने पाळी लावलेली असते. आज याच्या बांधीला पाणी, उद्या त्याच्या. आजोबा बराच वेळ तंबाखू मळीत बसले. मग म्हणाले, "मास्तर, पाळी चुकली त तळ्याचं काही बिघडत नाही. ज्याचा हात चुकला त्याचंही लवकर बिघडत नाही. बांधीतलं धान वाळते."

मी इतकी वर्षे 'ताबा' या शब्दावर मनात चरफडत होतो. दुसरा शब्द मला सुचत नव्हता. तो त्यांनी सहज दिला. पाळी! रविवार आईचा नव्हे आणि बापाचाही नव्हे. पाणी दोन्ही अंगांनी यायचे. पाळी कोणाची का असेना, ती आहे त्या उभ्या धानासाठी.

आजोबांनी मुलीशी, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीशी, काय बोलणे केले ते मला ठाऊक नाही. विद्यार्थ्याशी मी बोललो. त्याला भीती अशी की, आपण अट बदलायला गेलो तर आपली बाजू लंगडी दिसेल. तिलाही भीती हीच होती! दोघेही एकाच भीतीने दोन टोकांना बसले होते. महिन्याभराने संयुक्त पुरसीस दाखल झाली. दोन वर्षांत दोघांनी एका कागदावर सही करण्याची ही पहिलीच वेळ. न्यायाधीशांनी ती वाचली आणि त्याप्रमाणे हुकूम दिला. आता दोन्ही रविवारी दोन्ही मुले येतात. एका रविवारी बापाबरोबर, एका रविवारी आईबरोबर. दिवाळीच्या सुटीत दोघे एकत्र आधी एका घरी, मग दुसऱ्या. पुढच्या वर्षी उलट. आणि भाऊबीज ज्या घरी येईल त्या घरी दोघांची.

गेल्या भाऊबीजेला भावाने ओवाळणीत आपली कंपासपेटी घातली. त्याला स्वतःला नंतर भूमितीच्या तासाला ती मागून न्यावी लागली, ही गोष्ट वेगळी.

आईबाप एकत्र आले का, असे वाचक विचारतील. नाही. ती फाटकाच्या आत असली की तो अजून बाहेरच थांबतो. पण आता "साडेचारला आणलं तर चालेल का?" एवढे एक वाक्य दोघे एकमेकांशी सरळ बोलतात, आधी ते मुलाच्या तोंडून जायचे.

कागदात काय लिहावे

या अडीच वर्षांत जे पाहिले त्यावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अटी लिहिताना मोघम लिहू नये. 'सोयीप्रमाणे भेट' हे शब्द दिसायला उदार, पण त्यांतूनच नवे भांडण निघते. वार, वेळ, जागा, कोणी आणायचे, कोणी न्यायचे, गाडी चुकली तर कोणाला कळवायचे, आजारपणात काय, शाळेचे प्रगतिपुस्तक दोघांना कसे मिळेल, हे सर्व लिहावे. भावंडे असतील तर प्रत्येक तारखेला ती कोठे असतील हे दिनदर्शिका समोर ठेवून पाहावे. आणि मुले वाढतात. पाच वर्षांच्या मुलासाठी लिहिलेला कागद तेराव्या वर्षी तोकडा होतो. तो बदलून घेण्यात हार नाही.

पोटगी आणि भेट यांची सांगड घालू नये. पैसे थकले म्हणून मूल दाखवायचे नाही, आणि मूल दाखवले नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत, हा सौदा दोन्हीकडे चालतो. पोटगीची वसुली कोर्टातून करता येते. बुडालेल्या रविवाराची करता येत नाही.

मुलाला टपालवाला करू नये, आणि हेर तर मुळीच करू नये. भेटीहून परतलेल्या मुलाला "तिकडे कोण कोण होतं?" असे विचारण्याऐवजी "भूक लागली का?" एवढेच विचारावे. ज्याला बोलायचे असते ते मूल जेवता जेवता आपण होऊन बोलते.

इंग्लंडने 1989 च्या मुलांच्या कायद्यात 'ताबा' आणि 'भेटीची मुभा' या अर्थांचे जुने शब्द काढून टाकले आणि मूल कोठे राहील, कोणाशी संबंध ठेवील, एवढेच विचारायला सुरुवात केली. 2014 साली तेही शब्द जाऊन 'मुलाची व्यवस्था' असा एकच साधा हुकूम आला. आपल्या कायद्याचे शब्द बदलतील तेव्हा बदलोत. घरातले शब्द बदलायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. "यंदाची दिवाळी माझी," असे म्हणण्याऐवजी "यंदा माझी पाळी," एवढे म्हणता येते.

शेवटी एक विनंती वाचकांना, कारण हे दिवस पाहुण्यांचे आहेत. फराळाच्या ताटाभोवती मुले गोळा झाली की, कोणी तरी मामा, कोणी तरी शेजारच्या काकू, गमतीने विचारतातच : "काय रे, तुला आई जास्त आवडते की बाबा?" धडधाकट घरातले मूल हसते आणि "दोघं!" म्हणून लाडू घेऊन पळते. ज्याचे घर दोन आहे ते मूल हसत नाही. ते आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहते. हाच प्रश्न विचारण्यासाठी सरकारने कायदा केला, न्यायाधीश नेमला. आणि तोही मुलाला बहुधा चेंबरमध्ये एकटे बोलावतो, शाळेच्या आणि मित्रांच्या गोष्टी काढतो, हळूहळू विषयाकडे येतो. तेव्हा आपण चकलीचा तुकडा मोडता मोडता तो विचारू नये. त्याला आणखी एक लाडू द्यावा.